कानपुरी बनावटीचा बिटविरहित लगाम: वापरानंतरचे मत

बिटविरहित, म्हणजे घोड्याच्या तोंडात लोखंडी दांडी (बिट) नसलेल्या, लगामांचे अनेक प्रकार बाजारात आहेत. त्यांपैकी जबड्याखाली पट्ट्यांची फुली पडणारा चामडी लगाम मी माझ्या काठेवाडी घोडीसाठी घेतला असून उन्हाळ्यापासून तोच वापरत आहे. ही रचना अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे पशुवैद्यक प्राध्यापक रॉबर्ट कुक यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. माझा लगाम मात्र कानपूरच्या एका लहान कारखान्यातला आहे. कानपूरच्या खोगीर-साजाला भौगोलिक मानांकन आहे आणि तेथील साज परदेशांतही मोठ्या प्रमाणावर जातो, त्यामुळे केवळ देशी म्हणून हा माल दुय्यम समजण्याचे कारण नाही.

रचना समजली की गुणदोषही समजतात. कानांमागून जाणाऱ्या डोकपट्ट्यापासून दोन्ही बाजूंना एकेक पट्टा खाली उतरतो, जबड्याखाली दुसऱ्या पट्ट्याला ओलांडून पलीकडे जातो आणि नाकपट्ट्याच्या कडीतून बाहेर येऊन हातातल्या लगामाला जोडला जातो. साहजिकच डावा लगाम घेतला की दाब उजव्या गालावर येतो आणि घोडीचे डोके डावीकडे वळते. दोन्ही लगाम एकदम घेतले तर दाब नाक, जबडा आणि कानांमागचा भाग यांवर वाटला जातो. वळवण्याच्या बाबतीत हा लगाम खरोखर उत्तम आहे. तोंडातले लोखंड चावत राहणारी माझी घोडी आता जबडा सैल सोडून चालते. थांबवण्याच्या बाबतीत तो पुरेसा आहे, पण ज्या घोड्याला बसण्याच्या पवित्र्यावरून आणि आवाजावरून थांबायला शिकवलेले नाही, त्याला केवळ या पट्ट्यांच्या बळावर रोखता येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

खरा दोष दाब सुटण्यात आहे. घोडा शिकतो तो दाबामुळे नव्हे, तर त्याने योग्य प्रतिसाद देताच दाब नाहीसा होतो त्यामुळे. येथे हात पुढे दिला तरी कोरे चामडे एकमेकांवर आणि कडीत अडकते, पट्टे लगेच सैल पडत नाहीत, आणि प्रतिसाद देऊनही जबडा आवळलेलाच राहिल्याने घोडी गोंधळते. माझ्या लगामाच्या फुलीच्या पट्ट्यांची आतली बाजू खरखरीत होती. वारंवार तेल दिल्यावर ही अडचण बरीच कमी झाली, संपली नाही. पावसाळ्यात तर चामडे फुगते, बुरशी धरते आणि वाळल्यावर ताठर होते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर घोडा ठेवणाऱ्यांनी हीच रचना बायोथेनच्या (प्लास्टिकचा लेप दिलेल्या, पाणी न शोषणाऱ्या) पट्ट्यांत मिळते का, ते पाहावे. बकला व कड्या पोलादी असून अजून गंजलेल्या नाहीत, शिलाईही एकसारखी आहे.

मापाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते. काठेवाडी घोड्याचे कपाळ रुंद आणि तोंड निमुळते असते, म्हणून ‘फुल’ (मोठ्या) मापाचा नाकपट्टा त्याला हमखास सैल पडतो. कपाळपट्टा मोठा आणि नाकपट्टा ‘कॉब’ (त्याहून लहान) मापाचा, असा मिश्र संच करून घ्यावा. नाकाचे हाड खाली निमुळते होत संपते आणि पुढे केवळ मऊ कूर्चा असते. नाकपट्टा त्या टोकावर किंवा त्याखाली बसला तर प्रत्येक ओढीला वेदना होते, आणि मग लोखंड काढून आपण काय साधले, असा प्रश्न उरतो. लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असलेला यांत्रिक हॅकमोरही बिटविरहितच असतो, पण त्याच्या तरफेमुळे हाताचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. कच्च्या हातात तो साध्या जोडाच्या बिटपेक्षा अधिक कठोर ठरतो. उलट नाकपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना थेट लगाम जोडलेला साइडपुल थांबवण्यात थोडा कमजोर असला तरी दाब तत्काळ सोडतो, आणि नवशिक्या घोड्यासाठी मी आजही तोच सुचवीन.

काही वाचकांचा ओढा याहूनही पुढे, म्हणजे लगामच नको, याकडे असतो. २००६ मध्ये अमेरिकेच्या स्टेसी वेस्टफॉल यांनी खोगीर आणि लगाम या दोहोंविना रेनिंगचे (वेगात गिरक्या आणि घसरत थांबणे असलेल्या स्वारीच्या प्रकाराचे) जे प्रात्यक्षिक दिले, ते पाहून असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती घोडी मुळात लगामावर तयार झालेली आणि स्पर्धांत उतरलेली होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे वरातीच्या घोड्यांच्या तोंडात अजूनही काटेरी बिट दिसते, ही खेदाची बाब आहे, कारण ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटेरी बिटवर स्पष्ट बंदी घातलेली आहे. ज्यांना ते काढून टाकायचे आहे पण नियंत्रण जाईल अशी भीती वाटते, त्यांच्यासाठी फुलीचा लगाम हा चांगला मधला मार्ग आहे. सराव मात्र आधी कुंपण घातलेल्या रिंगणात करावा. ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या) आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरायचे असेल तर तेथे बिट सक्तीचे आहे. उडीच्या स्पर्धांत हॅकमोर चालतो.

मागणी नोंदवताना नाकाचा घेर दोरीने मोजून कळवावा आणि फुलीचे पट्टे दोन्ही बाजूंनी गुळगुळीत घासून मागावेत.