बॅकअप कार्डाचे ३८,५०० रुपये

३८,५०० रुपये. रोख, विनापावती. आकडा आधीच सांगतो, ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. पतसंस्थेत ३३ वर्षं कॅशियर होतो. "पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका" असं गिऱ्हाइकाला बजावणारा मीच.

छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, १,९८,००० रुपयांना. सूर्यघर योजनेचे ७८,००० खात्यावर आले, बिलही उतरलं. तिथवर तक्रार नाही. पण ठेकेदाराचा पोरगा म्हणाला, "काका, वर हे बॅकअप कार्ड टाका. बॅटरी नको, काय नको. लाईट गेली तरी दिवसा घर चालू. महापुरात अख्खी गल्ली बंद, तुमचा फ्रिज सुरू!"

आम्ही कोल्हापुरातल्या दुधाळीकडचे. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा दारात बघितलेल्या माणसापुढं महापुराचं नाव काढलं की त्याचं डोकं चालत नाही. (पुरात आभाळ कसं असतं, तेव्हा पॅनेल देणार काय, हेही तेव्हा सुचलं नाही.)

बसवलं त्या दिवशी मीच म्हटलं, मेन पाडून दाखवा. पाडला. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा गेला, लाल लागला. बाहेर रणरणतं ऊन, आणि हॉलमधला पंखा हळूहळू फिरत थांबला. पोरगा म्हणाला, "नवीन आहे काका, कार्ड सेट व्हायला दोन दिवस लागतात." आणि मी काय केलं? त्याला चहा पाजला! तो थांबणारा पंखा अजून रात्री डोळ्यांसमोर येतो.

मे महिन्यात वळवानं खांब पडला. दुसऱ्या दिवशी कडक उन्हात सहा तास लाईट नाही आणि घर ठप्प. शेजारच्या आयटीआय केलेल्या पोरानं 'कार्डा'चा डबा उघडला. आत एक एमसीबी (साधा खटका), एक इंडिकेटर, बाकी हवा. त्यानंच समजावलं: ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनवर चालणारा इन्व्हर्टर, बाहेरची लाईट गेली की बंद होणारच, नाहीतर छतावरची वीज तारेत जाऊन खांबावरचा वायरमन मरेल. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी. लाईट गेल्यावर घर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बॅटरीशिवाय दिवसा एखाद्या सॉकेटला वीज देणारे इन्व्हर्टर असतात, पण ते मॉडेलच वेगळं, आणि ढग आला की तेही बसतं. जनरेटर जोडून इन्व्हर्टरला फसवा असं कुणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

वीज ऑफिसात तीन हेलपाटे. "आमचा संबंध मीटरपर्यंत." अहो, ठेकेदार तुमच्या मान्यताप्राप्त यादीतला आहे ना? "यादीतला आहे, पण वरचा व्यवहार तुमचा खाजगी." तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, ते चार वाजेपर्यंत जेवत होते. आल्यावर म्हणाले, "सबसिडी मिळाली ना? मग?" पोलिसांनी पावती मागितली. नाही म्हटल्यावर, "हा दिवाणी मामला. आणि तुम्ही कॅशियर होता म्हणता?" मागं बसलेला हवालदार हसला. चोर मोकळा, आणि चौकशी माझ्या अकलेची!

व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका. मी मोबाईल भरला म्हणून पुसलं. कोटेशनवर इन्व्हर्टरचं मॉडेल लिहून घ्या. मेन पाडल्यावर पंखा फिरला तरच बॅकअपचे पैसे, तोवर चहासुद्धा नाही. १९१५ वर ग्राहक तक्रार नोंदवता येते, पण हातात कागद हवा.

डबा अजून भिंतीवर आहे. लाईट असली की त्याचा दिवा ऐटीत लागतो. परवा भाच्यानं विचारलं, "मामा, हे काय?" मी म्हटलं, "मीटर."