कार्ड स्कॅनर की कार्डांचा अल्बम?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप असलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, ड्रॉवरभर व्हिजिटिंग कार्डं फोनवर स्कॅन करू की अल्बमात लावू?"

अल्बमचा खर्च एकदाच. फोटोतली अक्षरं वाचणारं गूगल लेन्स फुकट आहे, काही स्कॅनर ॲपांना मात्र पैसे पडतात.

खरी अडचण भाषेची. आपल्याकडे कार्डाच्या एका बाजूला कन्नड, दुसरीकडे इंग्रजी. निपाणीकडचं असलं तर मराठीही. साधं छापील इंग्रजी फोन नीट उचलतो, नक्षीदार कन्नड अक्षरांत नाव चुकतं. नंबरात आठाचा तीन झाला तर गिऱ्हाईकच हातचं जातं, म्हणून प्रत्येक नंबर ताडून बघच. शोधायला मात्र स्कॅनरच हवा: नावापुढे 'पॅटर्न' (ओतकामाचा नमुना) लिहून ठेवलंस की सगळे पॅटर्नवाले एका जागी.

रोज नवी माणसं भेटत असतील तर स्कॅनर. ठरलेल्या पंचवीस-तीस व्यापाऱ्यांपुरता अल्बम बास.