टेराफॉर्मवर लोड बॅलन्सर: काही महिने वापरल्यावर, मुख्यतः टार्गेट ग्रुपच्या नावाबद्दल

एडब्ल्यूएसचा अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर (आलेल्या रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटणारी अमेझॉन क्लाउडची सेवा) टेराफॉर्मने, म्हणजे अशी सगळी मांडणी कोडमधून उभी करणाऱ्या साधनाने, उभा करायला काय लागतं ते वाचणाऱ्यांना माहीत असेलच. दोन झोनमधले सबनेट, सिक्युरिटी ग्रुप, रिक्वेस्ट घेणारा लिसनर, आणि त्या ज्यांच्याकडे जातात त्या सर्व्हरचा टार्गेट ग्रुप. त्या भागाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हे लिहायला घेतलं ते मध्येच अडकलेल्या एका अप्लायमुळे, म्हणजे कोडमधले बदल प्रत्यक्ष लागू करण्याच्या पायरीमुळे.

अ‍ॅप ८०८० पोर्टवरून ३००० वर न्यायचं होतं. फाइलमध्ये बदल एका आकड्याचा. प्लॅनमध्ये (काय बदलणार ते अप्लायआधी दाखवणाऱ्या यादीत) त्या ओळीशेजारी ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ आलं, म्हणजे टार्गेट ग्रुप नवा होणार. टेराफॉर्मचा ठरलेला क्रम आधी पाडायचं, मग बांधायचं असा आहे. पण लिसनर अजून जुन्याच ग्रुपकडे ट्रॅफिक पाठवत असतो, आणि वापरात असलेला ग्रुप एडब्ल्यूएस पुसू देत नाही. ‘रिसोर्स इन यूज’ म्हणून अप्लाय थांबला, आणि योग्यच थांबला.

यावर ‘क्रिएट बिफोर डिस्ट्रॉय’ (आधी नवं बांध, मग जुनं पाड) लावायचं, हे सगळे सांगतात. पुढचं फार कमी जण सांगतात. एका खात्यात, एका रीजनमध्ये एकाच नावाचे दोन टार्गेट ग्रुप चालत नाहीत. नवा आधी बांधायला गेलं की नाव जुन्याने अडवलेलं असतं. आम्ही घेतलेल्या मॉड्यूलमध्ये (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार टेराफॉर्म कोडमध्ये) तर नाव आतच पक्कं लिहिलेलं होतं, बदलायला व्हेरिएबल नाही. सांभाळणाऱ्यांना विचारलं तर उत्तर आलं, ‘लिसनर हाताने काढा, अप्लाय करा, परत जोडा.’ चालू साइटचा लिसनर हाताने काढायचा! हे वाचून खरंच संताप आला. असं हाताने करावं लागू नये म्हणून तर सगळं कोडमध्ये आणलं होतं. त्याच आठवड्यात मॉड्यूल काढून टाकलं आणि रिसोर्स स्वतः लिहिले.

आता नावाचं बघा. टार्गेट ग्रुपच्या नावाला ३२ अक्षरांची मर्यादा आहे. पूर्ण नावाऐवजी नेम प्रीफिक्स दिला तर शेपूट टेराफॉर्म लावतं, पण प्रीफिक्सला जागा फक्त ६ अक्षरांची. त्यात सर्व्हिसचं नाव लिहायचं की एन्व्हायर्नमेंटचं? अडचणीच्या वेळी कन्सोलमध्ये यादी उघडल्यावर कुठला ग्रुप कशाचा हे पटकन कळायलाच हवं. म्हणून शेपटासाठी टेराफॉर्मचा रँडम आयडी वापरला, दोन बाइटचा, आणि त्याच्या कीपर्समध्ये (ज्या किमती बदलल्या तरच आयडी बदलतो त्या यादीत) पोर्ट, प्रोटोकॉल आणि व्हीपीसी (क्लाउडमधलं आपलं खाजगी नेटवर्क) घातले. या तिन्हींपैकी काही बदललं तरच शेपूट बदलतं, एरवी नाव तसंच राहतं. हेक्समध्ये त्याची ४ अक्षरं होतात, हायफन धरून ५. वाचता येईल अशा नावाला २७ उरतात आणि तेवढी पुरतात. हे जमलं तेव्हा मनापासून आनंद झाला.

एवढं लिहून ठेवलं होतं, पण नंतर मत थोडं बदललं. पुढच्या पोर्टबदलात अप्लाय सुरळीत संपला, तरी मध्ये काही क्षण ५०३ (‘सेवा उपलब्ध नाही’ ही एरर) दिसले. कारण लिसनर नव्या टार्गेट ग्रुपकडे वळवणं आणि ऑटोस्केलिंग ग्रुप (गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारा सर्व्हरचा संच) त्याला जोडणं या दोन गोष्टी टेराफॉर्मच्या लेखी एकमेकींवर अवलंबून नाहीत. दोघींना फक्त नव्या टार्गेट ग्रुपचा एआरएन (एडब्ल्यूएसमधली त्याची ओळख) हवा असतो, त्यामुळे त्या एकदमच सुरू होतात. लिसनर आधी वळला की रिकाम्या ग्रुपवर रिक्वेस्ट जातात आणि लोड बॅलन्सर ५०३ देतो. अडलेला अप्लाय परवडला, कारण तो निदान दिसतो.

आता मोठ्या बदलाला आम्ही निळा आणि हिरवा असे दोन टार्गेट ग्रुप शेजारी ठेवतो, प्रत्येकामागे वेगळा ऑटोस्केलिंग ग्रुप. फॉरवर्ड अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक ग्रुपला ० ते ९९९ वेट, म्हणजे ट्रॅफिकचा वाटा, देता येतं. नव्याला आधी ० द्यायचं, हेल्थ चेक पास झाले की वाढवत न्यायचं. मागे फिरायचं असेल तर आकडे उलटे करायचे. कुठलाच चालू ग्रुप पाडावा लागत नाही, त्यामुळे नावाचं भांडणही बरंचसं मिटतं.

डीरजिस्ट्रेशन डिले, म्हणजे सर्व्हर ग्रुपमधून काढताना चालू रिक्वेस्ट संपायला दिलेला वेळ, मुळात ३०० सेकंद असतो. तुमच्या रिक्वेस्ट छोट्या असतील तर ३० करा, प्रत्येक डिप्लॉयमधली वाट पाहणं वाचेल.

पैशांचंही सांगतो. कोडमुळे टेस्टसाठी नवा लोड बॅलन्सर उभा करणं इतकं सोपं होतं की ते साचत जातात, आणि रिकाम्या लोड बॅलन्सरलाही तासाचा आकार पडतोच. त्यात फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे वेगळे पैसे, आणि इंटरनेटकडे तोंड असलेला लोड बॅलन्सर झोनमागे किमान एक पत्ता घेतो. आम्ही सगळी टेस्ट एन्व्हायर्नमेंट एकाच लोड बॅलन्सरवर होस्ट हेडरच्या (रिक्वेस्टमधल्या डोमेन नावाच्या) रूलने वाटली. बिलात फरक लगेच दिसला.

ओपनटोफूवर (टेराफॉर्मपासून निघालेल्या ओपन सोर्स साधनावर) असाल तरी हे सगळं जसंच्या तसं लागू आहे, नियम एडब्ल्यूएसचेच आहेत.

एक गोष्ट मात्र आजच करून टाका. प्लॅन जेसनमध्ये काढला की प्रत्येक रिसोर्सपुढे काय होणार ते क्रमाने लिहिलेलं असतं: आधी क्रिएट मग डिलीट, किंवा उलट. आमच्या पाइपलाइनमध्ये टार्गेट ग्रुपपुढे डिलीट आधी आलं की मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये घेणं) अडतो, आणि कोणीतरी प्लॅन उघडून वाचल्याशिवाय पुढे जात नाही.