मांजराच्या पिसवांवर काय घ्यावं: शाम्पू की मानेवरचे थेंब?

आधी त्या पिसवाच आहेत ना, हे बघा. गोचीड कातडीला चिकटून बसते. पिसू केसांतून सुळकन पळते, उडी मारते. बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडाशी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

शाम्पू स्वस्त. अंगावरच्या पिसवा मरतात, खाज लगेच कमी होते. पण धुतल्यावर असर फारसा उरत नाही आणि अंडी तर केव्हाच चटईत, सोफ्याच्या फटीत पडलेली असतात. कोषातली पिसू महिनोन्महिने तग धरते, त्यामुळे थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. शिवाय मांजराला अंघोळ म्हणजे त्या जिवाचे हालच.

फिप्रोनिल या कीटकनाशकाचे थेंब महाग, पण साधारण महिनाभर काम करतात. नव्याने चढलेली पिसूही मरते. मानेमागे, जीभ पोचणार नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायचे. आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको. माझा कौल थेंबांनाच.

कळकळीने सांगते, कुत्र्यांचं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, झटके येऊन जीव जातो. अगदी लहान पिल्लाला दोन्ही नकोत. फणीने पिसवा काढा आणि डॉक्टरांना दाखवा. अंथरूण मात्र दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायचंच.