पर्फ्युजन इंडेक्सवालं ऑक्सिमीटर: घ्या, पण आधी बोट बघा

मिरजेच्या आयसीयूत स्टाफ नर्स म्हणून बरीच वर्षं काढली. आता सांगली आणि आसपासच्या गावांत घरी जाऊन ड्रेसिंग, कॅथेटर, इंजेक्शनं बघते. पर्समध्ये बीपी मशीन, थर्मामीटर आणि बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर कायम असतं. जुनं कोरोनाच्या काळातलं होतं, ते बिजागरीत तुटलं, म्हणून सांगलीतल्या एका सर्जिकलच्या दुकानातून नवीन घेतलं. साडेचौदाशेला पडलं. सहाशे-सातशेचंही मिळतं, मग दुप्पट पैसे का घातले, हे सगळे विचारतात. म्हणून सविस्तर लिहिते.

स्वस्तातलं मशीन दोनच आकडे दाखवतं: ऑक्सिजन किती टक्के आणि नाडी किती. यात नाडीची लाटही दिसते आणि खाली कोपऱ्यात ‘पीआय’ म्हणून तिसरा आकडा येतो. तो पर्फ्युजन इंडेक्स. बोटातलं रक्त प्रत्येक ठोक्याला किती हलतंय, त्याचं हे माप. मशीन बोटातून दोन प्रकाश सोडतं, 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 नॅनोमीटरचा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ठोक्यागणिक खाली-वर होणारा तेवढाच भाग वेगळा काढून त्यावरून ऑक्सिजनचा हिशोब करायचा, ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, 1974 ची. म्हणजे सगळी मदार त्या ठोक्यावर. बोटात ठोका पोचला नाही तर मशीनकडे हिशोबाला काही उरत नाही.

हे मशीन घेतल्यावर थोड्याच दिवसांत बुधगावला एका घरी गेले होते. आजींना जुनी शुगर, पायाचं ड्रेसिंग चालू. आदल्या दिवसापासून थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ. मुलगा दारातच म्हणाला, “सिस्टर, आमचं मशीन गंडलंय बघा. मधीच रेघा दाखवतंय, मधीच सत्त्याण्णव. दुकानदाराला परत द्यायचं का?” मी माझं लावलं. ऑक्सिजन 97, पीआय 0.3. लाट जवळजवळ सपाट. दुसऱ्या हाताला लावलं, तेच. दोन्ही मशीन चांगली होती. आजींच्या बोटांची टोकं गार होती, गुडघ्यांवर जाळीसारखे निळसर डाग उठले होते, श्वास मिनिटाला 28. मला नेहमी “ये बाई” म्हणणाऱ्या आजी त्या दिवशी माझ्याकडे बघून भलतंच काहीतरी बोलत होत्या. तर्जनीचं पेर पांढरं होईपर्यंत दाबून धरलं आणि सोडलं. लाली परत यायला सहा सेकंदांच्या आसपास लागले. त्यांना लगेच मिरजेला हलवलं. सेप्सिस निघाला, म्हणजे इन्फेक्शनचा सगळ्या शरीरावर उठलेला जीवघेणा परिणाम, लघवीच्या इन्फेक्शनमधून.

पुढे मुलगा मला वारंवार एकच विचारायचा: ऑक्सिजन 97 होता, तर मग आईला झालं काय? प्रश्न अगदी रास्त होता.

मशीन खोटं बोललं नव्हतं. आजींची फुप्फुसं त्या घडीला काम करत होती, धमन्यांतल्या रक्तात ऑक्सिजन भरलेला होता. बिघाड त्याच्या पुढे होता. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. या पेशींवर साखर आणि प्रथिनांचा अगदी नाजूक थर असतो, ग्लायकोकॅलिक्स. त्यामुळे रक्तपेशी आणि प्लेटलेट भिंतीला चिकटत नाहीत आणि पाणी हवं तेवढंच बाहेर जातं. सेप्सिसमध्ये जंतूंशी लढताना शरीराचाच तोल जातो आणि हा थर सोलून निघतो. त्याचे तुकडे रक्तात मोजताही येतात, सिंडेकॅन-1 हा त्यातलाच एक. अस्तर उघडं पडलं की पांढऱ्या पेशी त्याला चिकटू लागतात. गुठळी होऊ न देणारं, थ्रॉम्बोमोड्युलिनसारखं जे सामान याच पेशींवर असतं तेही कमी होतं आणि केशवाहिन्यांत बारीक बारीक गुठळ्या धरतात. केशवाहिनी मुळात पाच ते दहा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लाल पेशी साधारण सात-आठची, एकामागे एक अंग चोरून जाणारी. तिथे एवढाशा गुठळीनेही वाट बंद होते. तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला हे पटकन कळेल: ठिबकची मेन लाईन भरलेली, प्रेशर ठीक, पण ड्रिपर चोकअप, तर मुळाला पाणी नाही. ऑक्सिमीटर मेन लाईनमधल्या पाण्याचा दर्जा सांगतं.

दुसरा बिघाड गळतीचा. या पेशी एकमेकींना व्हीई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने धरून असतात. ती पकड सुटते. याच पेशींच्या पोटात साठवलेलं अँजिओपोएटिन-2 बाहेर पडतं आणि पकड आणखी ढिली करतं. मग रक्तातलं पाणी आणि अल्ब्युमिन हे प्रथिन बाहेर झिरपतं. आयसीयूत आजींचे हात इतके सुजले की हिरव्या काचेच्या बांगड्या कापडात गुंडाळून फोडाव्या लागल्या. घरच्यांना वाटलं सलाईन जास्त झालं. पण सेप्टिक शॉकला, म्हणजे सेप्सिसमुळे बीपी कोसळतं तेव्हा, सुरुवातीच्या तीन तासांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 30 मिली सलाईन देतात, कारण शिरांच्या आत रक्ताला दाब राहायला हवा. अस्तर गळत असल्यावर त्यातलं बरंचसं मांसात जाऊन बसतं. म्हणूनच डॉक्टर पुढचं सलाईन बेताने देतात आणि बीपी वर धरणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन लावतात. नातेवाईक या सुजेवरून स्टाफशी भांडताना मी फार बघितले आहेत, आणि कोणी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर त्यातली निम्मी भांडणं झाली नसती, असं माझं ठाम मत आहे.

आता या तिसऱ्या आकड्याबद्दल. पीआय 0.02 पासून 20 पर्यंत काहीही येऊ शकतो, माणसागणिक आणि बोटागणिक वेगळा. नुसत्या गार पाण्यात हात घातला तरी तो खाली येतो. त्यामुळे एका आकड्यावर घाबरू नका. माझ्या नेहमीच्या पेशंटचा बरा असतानाचा पीआय मी वहीत लिहून ठेवते आणि त्याच्याशी ताडून बघते. उलटी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सेप्सिसच्या सुरुवातीला हातपाय चक्क गरम असू शकतात आणि पीआय छान दिसू शकतो. नायट्रिक ऑक्साइड बेसुमार तयार होतं, वाहिन्या सैलावतात, बीपी पडत जातं आणि कातडी मात्र ऊबदार लागते. तेव्हा पीआय चांगला आहे म्हणून ताप घरीच काढू नका. लावताना नेलपॉलिश काढा, गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. शिवाय सावळ्या आणि काळ्या कातडीवर ही मशीन ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतात. 2020 साली अमेरिकेतल्या अभ्यासात हे ठळकपणे पुढे आलं. आपल्याकडच्या उन्हात राबणाऱ्या माणसांचं 93 वाचताना मी हे मनात धरते.

बोट दाबून बघायला काही खर्च नाही. आयसीयूतही ते कमी मानलं जात नाही. 2019 साली दक्षिण अमेरिकेतल्या 28 रुग्णालयांत सेप्टिक शॉकच्या 424 रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांचे उपचार रक्तातल्या लॅक्टेटवर (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की हे वाढतं, ते लॅबमध्ये तपासतात) ठरवले, निम्म्यांचे बोटाची लाली किती सेकंदांत परत येते त्यावर. तिथे काचेची पट्टी दहा सेकंद दाबून तीन सेकंदांची मर्यादा धरली होती. बोटाच्या गटात मृत्यू कमी झाले, मात्र तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यासाठी उतरला नाही. तरी मला यातून धीर येतो, कारण लॅक्टेटची सोय बुधगावच्या सोप्यात नाही, बोट आहे. उजेडात बघा, हात हृदयाच्या उंचीला धरा. म्हाताऱ्या माणसांत आणि थंडीत थोडा वेळ जास्त लागतो, तेवढी सूट द्या.

मशीनच्या तक्रारीही आहेत. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि पीआय म्हणजे काय यावर एक ओळ. घरच्या माणसाने त्यातून काय घ्यायचं? खोक्यावर मात्र सगळ्या कुटुंबाच्या आरोग्याची हमी छापली आहे. ती मला खटकते, कारण तीच वाचून लोक 97 वर विसंबतात. अलार्म ऑक्सिजन 90 च्या खाली गेला की वाजतो, लाट सपाट झाली तर गप्प. बनवणाऱ्यांनी निदान ‘सिग्नल क्षीण, पेशंटचे हात गार आहेत का बघा’ एवढं तरी मराठीत द्यावं. बाकी रबर मऊ आहे, आजींच्या सुरकुतलेल्या बोटालाही नीट बसतं, स्क्रीन उन्हात वाचता येतो, बारीक सेलची जोडी बरीच टिकते.

पाचपैकी चार. घरात शुगरचा, डायलिसिसचा किंवा कायम कॅथेटर असलेला माणूस असेल तर जास्तीचे पैसे घाला. धडधाकट घरात स्वस्तातलं चालेल. ताप असताना श्वास 22 च्या वर, बोलणं असंबद्ध, लघवी कमी, गुडघे डागाळलेले, यातलं काही दिसलं तर मशीनवर काहीही असो, 108 लावा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. आणि घेताना दुकानातच खोकं उघडायला लावून स्वतःच्या बोटाला लावा. लाट एकसारखी यायला लागेपर्यंत थांबा, दुसऱ्या बोटाला लावून आकडा जुळतो का बघा, मगच पैसे द्या. पावतीवर तारीख घ्या, वॉरंटीला तीच लागते.