माडीच्या झिजलेल्या फळ्यांवर प्लाय, वर कार्पेट : दहा महिन्यांनंतर

जुन्या वाड्याच्या माडीवरची सागवानी फळी चालून चालून मधे खोलगट होते, गाठी तेवढ्या वर राहतात. त्यावर थेट कार्पेट अंथरलं की फळ्यांच्या कडा रेघांसारख्या वर दिसतात आणि कार्पेट नेमकं त्याच रेघांवर विरतं. म्हणून आधी ६ मिमी बीडब्ल्यूआर (ओल सोसणारा) प्लाय टाकला. दहा बाय बाराच्या खोलीला हिशेबाने ४ शीट पुरतात, पण सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नसतात, म्हणून ५ आणावे.

खरं काम प्लायच्या आधीचं. छपराची कवेलू (कौलं) फेरून घ्या, गळकं छत असेल तर पुढचं सगळं वाया. प्रत्येक फळी पेचकसाने टोचून पाहा. टोक रुतलं, माती निघाली, तर उधई (वाळवी) आहे. ती फळी बदला, झाकू नका. हलणारी फळी तुळईला स्क्रूने आवळा, वर आलेले खिळे आत ठोका. हे राहिलं तर करकर प्लायखालूनही ऐकू येते.

शीट दोन दिवस त्याच खोलीत ठेवून मग फळ्यांना आडवी बसवा. २५ मिमीचे स्क्रू, कडेला ६ इंचांवर, मधे ९ इंचांवर. एका शीटला ८० ते ८५ लागतात. जुना साग फार कडक, आधी ड्रिलने बारीक भोक पाडलं नाही तर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. फळी पाऊण इंचाहून पातळ असेल तर २० मिमीचे घ्या, नाहीतर टोकं खालच्या खोलीत डोकावतात. खिळे नकोत, ते उचलतात. मधे प्लास्टिकही नको; ओल कोंडते.

चूक एकच झाली, पण मोठी. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात दोन शीट एकमेकींना चिकटवून बसवल्या गेल्या. श्रावणात लाकूड फुगलं आणि त्या सांध्यावर बोटाला लागेल असा उंचवटा आला. कार्पेट उलटून, स्क्रू काढून कड रंध्याने तासावी लागली. बाकी सांध्यांत रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट आणि भिंतीलगत १० मिमी जागा होती, तिथे काहीच झालं नाही.

खालच्या खोलीत फटींतून पडणारी माती पूर्ण थांबली, हा सगळ्यात मोठा फायदा.

प्लायला फेव्हिकॉल लावलेला नाही. भिंतीकडचा दोन फुटी तुकडा स्क्रू काढून उघडता येतो, उधई पाहायला. फेब्रुवारीत उघडला तेव्हा खालची फळी कोरडी होती.