कॉन्ट्रा नृत्यरचनेची एकदिवसीय कार्यशाळा

ग्रीनफील्डच्या गायडिंग स्टार ग्रेंज या सभागृहात मी बरेच दिवस कॉन्ट्रा, म्हणजे समोरासमोरच्या लांब रांगांत जोड्यांनी करायचा लोकनाच, नाचतो. तरी पुकाऱ्याच्या (पुढची चाल ओरडून सांगणाऱ्याच्या) हुकमाबरहुकूम पाय टाकणे आणि 64 मात्रांचा नाच स्वतः रचणे यांत किती अंतर आहे, ते पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील या कार्यशाळेतच कळले.

सकाळचे सत्र उत्तम होते. शिक्षिकेने आकृत्यांची (नाचातल्या ठरावीक चालींची) यादी पाठ करून घेतली नाही, तर प्रत्येकाला चिठ्ठ्या दिल्या. ‘अलमांड’ (हात धरून एकमेकांभोवती फिरणे) किंवा ‘लेडीज चेन’ची (स्त्रियांनी बाजू बदलणे) चिठ्ठी 8 मात्रांची, ‘हे फॉर फोर’ची (चौघांनी एकमेकांना ओलांडत नागमोडी चालणे) 16 मात्रांची, म्हणून दुप्पट लांब; या चिठ्ठ्या धुनेच्या चार भागांत मांडायच्या. त्यामुळे आकृती धुनेच्या तुकड्याबरोबर संपते की मध्येच लोंबकळते, हे डोळ्यांनाच दिसते.

खरा कस एका आकृतीतून दुसरीत जाण्याच्या सांध्यांवर लागतो. मी ‘सर्कल लेफ्ट’नंतर (चौघांनी हात धरून डावीकडे गोल फिरणे) डाव्या हाताचा ‘स्टार’ (मध्ये एकेक हात जुळवून गोल चालणे) ठेवला होता. कागदावर तो देखणा दिसला, पण प्रत्यक्षात डावीकडे फिरत आलेली चारही माणसे थबकली आणि उलट दिशेला वळताना एकमेकांवर आदळली. उजव्या हाताचा ‘स्टार’ केल्यावर तोच वेग पुढे वाहत गेला. शेवटी तर मी आणखी फजिती करून घेतली. नाचाच्या प्रत्येक फेरीअखेर जोडीने पुढच्या जोडीकडे सरकायचे असते. जोडीदाराबरोबरच्या ‘स्विंग’नंतर (धरून गरगर फिरणे) ‘पास थ्रू’ (समोरच्यांना ओलांडून पलीकडे जाणे) करून पुढच्या जोडीला गाठायचे, तर त्याआधी वर्तुळ पाऊणच फिरायला हवे. मी पूर्ण फेरा लिहिल्याने सगळे जागच्या जागी परतले आणि समोर पुन्हा तीच जोडी उभी राहिली. दांडियात रांग पुढे सरकली नाही तर जी पंचाईत होते, तीच ही. शिक्षिकेने न हसता पाऊण फेरा चालवून दाखवला, याबद्दल तिचे आभार.

दुपारचे सत्र मात्र ढिसाळ होते. जाहिरातीत जिवंत फिडल (व्हायोलिन) असल्याचे म्हटले होते, प्रत्यक्षात ध्वनिमुद्रण लावले गेले. ते मध्येच थांबवून मागे घेणे कोणालाच जमेना. शिवाय चाचणीला किमान चार जोड्या लागतात, हे गृहीत न धरता रचनाकारांचे गट पाडल्याने बराच वेळ माणसे जमवण्यात गेला. ज्यांनी निदान वर्षभर नाच केला आहे, त्यांनी सकाळच्या सत्रासाठी अवश्य जावे. नवख्यांना ‘स्विंग’च्या शेवटी स्त्री उजवीकडे का येते, एवढ्यावरच अडायला होईल. शेवटी वेळ संपली आणि चौघांच्या रचना चिठ्ठ्यांवरच राहिल्या, शुल्क मात्र त्यांनीही पूर्ण भरले होते.